रात्री कूस बदलताना कळतं

वाचकाचं पत्र

नमस्कार सिस्टर,

माझं हे पहिलंच गरोदरपण आहे, २४ वा आठवडा चालू आहे. वय २९. दिवसभर संगणकासमोर बसून काम असतं. गरोदर राहण्याआधी रोज भरभर चालायचे, अधूनमधून पळायचे. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आली, वार (प्लॅसेंटा) वर आहे, बीपी आणि हिमोग्लोबिन ठीक आहे. डॉक्टरांनी 'हलका व्यायाम चालेल' एवढंच सांगितलं. मग मी एका व्हिडिओत बघून फुलपाखरासारखं बसून मांड्या खाली दाबायचा व्यायाम आणि खोल उठाबशा सुरू केल्या. त्यानं हाडं मोकळी होतात आणि बाळंतपण सोपं जातं, असं त्यात होतं. तीन आठवड्यांपासून मला अगदी खाली, समोरच्या हाडावर आणि जांघेत दुखतंय. चालताना फारसं नाही, पण रात्री कूस बदलताना जीव जातो. जिना चढताना आणि एका पायावर उभं राहून लेगिंग घालतानाही कळ येते.

हातातला फिटनेस बँड चालताना १४६ ठोके दाखवतो. १४० च्या वर गेलं तर बाळाला धोका, असं कुठंतरी वाचलंय, म्हणून मी आता चालायलाच घाबरते. परवा रात्री जाग आली तर मी उताणी झोपलेली होते. तेव्हापासून नीट झोपच नाही. शिवाय पहाटे पोटरीत गोळा येतो. सासूबाई म्हणतात, सगळं बंद कर आणि आराम कर. मैत्रीण म्हणते, अजून जोरात व्यायाम कर. मी कोणाचं ऐकू? मला तू म्हटलंत तरी चालेल.

उत्तर

'चालताना फारसं नाही, पण रात्री कूस बदलताना जीव जातो.' हे वाक्य तू लिहिलंस म्हणून बरं झालं. तुझ्या दुखण्याचा पत्ता त्यातच आहे.

आपल्या ओटीपोटाखाली हाडांचं एक कडं असतं. मागच्या बाजूला ते माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडाशी दोन सांध्यांनी जोडलेलं असतं आणि पुढे, जिथे तुला दुखतंय तिथे, दोन्ही बाजूंची हाडं कूर्चेच्या एका छोट्या सांध्यानं एकमेकांना धरून असतात. एरवी हे सांधे जवळजवळ हलतच नाहीत. गरोदरपणात संप्रेरकांमुळे त्यांना बांधून ठेवणारे पट्टे सैल पडतात, पोटाचं वजन पुढे येतं, कंबरेचा बाक वाढतो, आणि मग हे कडं दोन्ही बाजूंनी सारखं हलेनासं होतं. डावी बाजू थोडी जास्त, उजवी कमी, किंवा उलट. एका पायावर भार आला किंवा दोन गुडघे एकमेकांपासून लांब गेले की तो सांधा ओढला जातो आणि कळ येते. जिना, लेगिंग, कूस, तुझ्या तिन्ही तक्रारींत हेच घडतंय. याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. साधारण पाच गरोदर बायकांपैकी एकीला ते होतं. बाळाला त्यानं काही इजा होत नाही. आईचे मात्र हाल होतात, आणि त्यावर उपाय आहेत.

पत्रावरून निदान करता येत नाही, ते तपासूनच होतं. त्यामुळे पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना हे दुखणं याच शब्दांत सांग आणि गरोदर बायकांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवायची विनंती कर. 'कंबर दुखते' एवढंच सांगू नकोस. कुठं बोट ठेवल्यावर दुखतं आणि काय करताना दुखतं, दोन्ही सांग.

हे मी इतकं आग्रहानं का लिहिते तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका बाईनं मला अगदी हेच सांगितलं होतं आणि मी तिला म्हटलं, 'होतंच असं, बाळ झालं की थांबेल.' कूस बदलायला आणि उठायला इतकं दुखायचं की तिनं रात्री लघवीला उठणंच टाळलं, त्यासाठी पाणी कमी केलं, आणि काही दिवसांनी लघवीच्या संसर्गानं तापून ती परत आली. तिला मी नीट विचारलं असतं तर हे टळलं असतं. तेव्हापासून 'होतंच असं' हे शब्द मी वापरत नाही.

आता तुझे व्यायाम. फुलपाखरू आणि खोल उठाबशा आजपासून बंद. तो व्यायाम सगळ्यांनाच वाईट असं मी म्हणत नाही, दुखणं नसलेल्या कितीतरी जणी तो आरामात करतात. पण तुझा सांधा आधीच सैल आहे आणि तू त्याला अजून फाकवते आहेस. 'हाडं मोकळी होतात' हे ऐकायला छान वाटतं, पण तुझी हाडं गरजेपेक्षा जास्त मोकळी झाली आहेत, त्यांना आता आधार हवा आहे. याच कारणानं मांडी घालून किंवा उकिडवं बसणं, पाय ओलांडून बसणं, एक पाय पुढे टाकून खाली वाकणं, आणि पोहत असशील तर बेडकासारखे पाय फाकवून मारणं, हे सगळं काही काळ बाजूला ठेव.

दिवसभराच्या हालचालींत एकच खूणगाठ बांध: गुडघे जवळ आणि भार दोन्ही पायांवर. अंथरुणात कूस बदलायची असेल तर आधी दोन्ही गुडघे वाकव, ते एकमेकांना हलके दाबून धर, आणि खांदे, पोट, कंबर, गुडघे सगळं एकत्र, लाकडाचा ओंडका लोटावा तसं वळव. आधी खांदे आणि मागून पाय असं केलंस की सांध्यात पीळ पडतो. उठताना कुशीवर ये, दोन्ही पाय एकदम कडेवरून खाली सोड आणि हातांच्या रेट्यानं उठून बस. पोट घट्ट करून सरळ समोर उठू नकोस. तसं उठताना पोटाच्या मधोमध एक उंचवटा वर येताना दिसला तर समज की मधले स्नायू बाजूला सरकत आहेत आणि त्यांच्यावर ताण येतोय. चादर गुळगुळीत असेल तर वळणं सोपं जातं.

कपडे खुर्चीवर किंवा पलंगावर बसून घाल. गाडीत बसताना आधी पाठमोरी होऊन बूड टेकव, मग दोन्ही पाय एकत्र आत घे. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवलीस तर वळायला सोपं जातं, फक्त गाडी सुटण्याआधी ती काढून टाक. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवरून गेला पाहिजे, पोटावरून नाही. जिना चढताना एका वेळी एकच पायरी: वर जाताना कमी दुखणारा पाय आधी, खाली येताना जास्त दुखणारा आधी. एका खांद्यावरची जड बॅग सोडून पाठीवरची वापर. खुर्चीत तासभर एकसारखी बसू नकोस, अर्ध्या तासानं उठ, दोन पावलं चाल. बसताना पाठीच्या खोलगट भागात छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेव, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली असू देत. उभं राहून काम असेल तर भार दोन्ही पायांवर वाटून दे, एका कुशीवर रेलून उभं राहायची सवय अनेकींना असते आणि ती या दुखण्यात फार नडते.

हे दुखणं उशिरा हिशोब मागतं, हे लक्षात ठेव. दुपारी तू अर्धा तास चाललीस, छान वाटलं, काही दुखलं नाही. रात्री अकरा वाजता अंथरुणात वळायला गेलीस आणि कळ आली. तेव्हा आपल्याला वाटतं, झोपण्यात काहीतरी चुकलं. बहुतेक वेळा चूक दुपारची असते. म्हणून व्यायाम करताना कसं वाटलं यावर जाऊ नकोस. आजचा व्यायाम तुला पेलला का, हे रात्री कूस बदलताना आणि उद्या सकाळी पहिली पावलं टाकताना कळेल. एका वहीत तीनच गोष्टी लिही: काय केलं, किती वेळ, रात्री किती दुखलं. आठवड्याभरात तुलाच दिसेल की वीस मिनिटं चालल्यावर रात्र बरी जाते आणि पस्तीस मिनिटांनी बिघडते. मग वीसच चाल. तीही दोन तुकड्यांत, दहा सकाळी, दहा संध्याकाळी, नेहमीपेक्षा आखूड पावलांनी आणि सपाट जागेवर. मैत्रिणीच्या किंवा माझ्या सांगण्यापेक्षा ती वही तुझ्या बाबतीत जास्त खरी आहे.

चालण्याखेरीज काय करता येईल? ओणवी हो, हात आणि गुडघ्यांवर, गुडघे कंबरेच्या बरोबर खाली. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर उचल, बेंबी आत घे, मग पाठ सपाट कर. खाली झोळ पडू देऊ नकोस. असं आठ-दहा वेळा. पोटाचं ओझं काही क्षण पाठीवरून उतरतं, म्हणून याचा आराम लगेच जाणवतो. मनगटं दुखत असतील तर पलंगावर कोपर टेकून कर. खुर्चीत बसून दोन गुडघ्यांमध्ये उशी धर आणि ती हलकेच पाच सेकंद दाब, सोड. दहा वेळा. हे करताना समोरच्या हाडावर दुखलं तर सोडून दे. भिंतीला हात टेकून दंड काढणं खांदे आणि पाठीसाठी चांगलं, आणि त्यात कंबरेवर भार येत नाही. पाण्यात चालणं किंवा पोहणं जमत असेल तर या दुखण्यात त्याच्यासारखं सुख नाही. पाणी वजन उचलून धरतं आणि पायांची सूजही उतरवतं. पाय सरळ ठेवून वरखाली मार. एका जागी ठेवलेली व्यायामाची सायकलही चालेल, चढता-उतरताना सांभाळून.

याबरोबर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आजपासून धर, दुखणं असो वा नसो. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये तो मांडला, म्हणून त्याला केगेल म्हणतात. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखून धरायची आहे असं समजून आतले स्नायू आवळ आणि वर ओढ. पोट, मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. सुरुवातीला तीन-चार सेकंद, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आवळल्यानंतर तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे, आणि बाळ बाहेर येताना हेच सैल सोडणं लागतं. लघवी चालू असताना मध्येच रोखून याचा सराव करू नकोस, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. खोकला-शिंकेबरोबर थेंबभर लघवी होणं पुढे टळावं म्हणून ज्या मोजक्या गोष्टी खरोखर उपयोगी ठरल्या आहेत, त्यांतली ही एक आहे.

दुखऱ्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरून बघ. पाठीला कोमट शेक चालेल. पोटाखाली बांधायचा आधाराचा पट्टा काहींना फार उपयोगी पडतो, पण तो कुठं आणि किती घट्ट बांधायचा हे एकदा दाखवून घे, आणि दिवसभर बांधून ठेवू नकोस. वेदनाशामक गोळ्यांबद्दल कडक सांगते: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत, २० आठवड्यांनंतर तर नाहीच. त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. घरात पडलेलं दुखण्याचं जेल चोळण्याआधीही त्यात काय आहे ते डॉक्टरांना दाखव. पॅरासिटामॉल बहुधा चालते, किती आणि किती दिवस ते विचारून घे.

आता तो १४० चा आकडा. तू वाचलंस ते कुणी हवेतून काढलेलं नाही. अमेरिकेतल्या प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ साली गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल सूचना काढल्या, त्यात १४० ठोक्यांची मर्यादा होती. १९९४ मध्ये त्याच संघटनेनं ती काढून टाकली, कारण निरोगी गरोदर बाईसाठी त्या आकड्याला आधार मिळाला नाही. पण मागे घेतलेला आकडा लोकांच्या डोक्यातून जायला फार वेळ लागतो. गरोदरपणात अंगातलं रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, आणि नुसतं बसलेलं असतानाही नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी जास्त असते. तुझं हृदय बसल्या बसल्या दोघांचं काम करतंय, मग चालताना १४६ दिसले तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बँडऐवजी तोंडावर विश्वास ठेव: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता नाही आलं तरी चालेल. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी कर. त्या बँडचा आवाज व्यायामापुरता बंद करून टाक, माझं ऐक.

तुझ्यासारख्या, कोणतीही गुंतागुंत नसलेल्या गरोदर स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. तुझं दुखणं शांत होईपर्यंत तिथं पोचायची घाई नको, पण सासूबाईंना सांगायला तो आकडा उपयोगी पडेल. त्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्या काळात डॉक्टर खरंच आराम सांगत. पण निरोगी गरोदरपणात झोपून राहिल्यानं गर्भपात किंवा अकाली प्रसूती टळते, असं आढळलेलं नाही. उलट स्नायू उतरतात, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, जो गरोदरपणात आधीच जास्त असतो. आणि बेतशीर व्यायामानं गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता कमी होते. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घरात फरक पडतो.

त्या एका गोष्टीत मात्र सासूबाई बरोबर आहेत: काही जणींनी खरोखर व्यायाम करायचा नसतो. वार खाली आणि पिशवीच्या तोंडावर असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, पाणी जात असेल, अकाली कळांची भीती असेल, बीपी वाढून लघवीत प्रथिनं जात असतील, रक्त फारच कमी असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही करू नये. तुझ्या पत्रात यांतलं काहीच नाही. पळणं सध्या सोड. उन्हात किंवा कोंदट गरम खोलीत व्यायाम नको, पडण्याची किंवा पोटाला मार बसण्याची भीती असलेले खेळ नकोत, आणि श्वास रोखून जोर लावणं तर मुळीच नको.

झोपेचं सांगते. उताणं झोपल्यावर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो. खालच्या अंगातलं रक्त तिच्यातूनच हृदयाकडे परततं. भार पडला की काहींना गरगरतं, मळमळतं, बाळाकडे जाणारा रक्तप्रवाहही थोडा कमी होतो. त्यामुळे २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपावं असं सांगतात, कारण शेवटच्या तिमाहीत उताणं झोपी जाणं आणि बाळ पोटात दगावणं यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. घाबरू नकोस, पुढचं नीट वाच. तो संबंध झोप लागताना तू कशी होतीस याच्याशी आहे, कारण त्याच स्थितीत आपण सर्वांत जास्त वेळ राहतो. मध्येच जाग आली आणि उताणी दिसलीस, तर काही बिघडलेलं नाही, कुशीवर वळ आणि झोप. दिवसा पडतानाही कुशीवरच पड. डावी कूस की उजवी यावर रात्र घालवू नकोस, दोन्ही चालतात. गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत जाईल अशी लांब उशी दोन्ही पायांमध्ये घे, एक पातळ उशी पोटाखाली सरकव, एक पाठीमागे लाव म्हणजे नकळत उताणं वळणं अवघड होईल. पायांमधली उशी नुसती गुडघ्यांत अडकवलीस आणि पाऊल खाली लोंबत राहिलं तर समोरच्या सांध्याला पीळ बसतोच. घोटाही उशीवर हवा.

पोटरीतल्या गोळ्यासाठी झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला ठेवून पोटरी अर्धा-अर्धा मिनिट ताण, आणि पावलं तीसेक वेळा वरखाली कर. भिंतीपाशी उभी राहताना पाऊल फार मागे टाकू नकोस, तुझ्या सांध्याला ते सोसणार नाही. गोळा आलाच तर पायाची बोटं स्वतःकडे, नडगीच्या दिशेनं ओढ. बोटं पुढे ताणलीस तर गोळा अजून घट्ट होईल. सुटल्यावर हलकेच चोळ. पण एकाच पायाची पोटरी सतत दुखत असेल, ती सुजलेली, गरम, लालसर असेल, तर चोळू नकोस आणि थांबूही नकोस, त्याच दिवशी दाखव. ती शिरेतली गुठळी असू शकते.

छातीत जळजळ, बद्धकोष्ठ, पायांची सूज हे तू विचारलं नाहीस, पण पुढच्या दोन महिन्यांत यातलं काहीतरी येईलच. थोडं थोडं खा, खाल्ल्यावर दोन-तीन तास आडवी होऊ नकोस, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच कर. लोहाच्या गोळीनं पोट आवळत असेल तर गोळी परस्पर सोडू नकोस, डॉक्टरांना बदलून माग. संध्याकाळी पाय उंचावर ठेव. उठताना बसल्या जागी क्षणभर थांबून उठ, या दिवसांत बीपी जरा खाली असतं आणि एकदम उठल्यावर भोवळ येते.

आता ज्या गोष्टींसाठी वही, फिजिओ, माझं उत्तर सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा, त्या. अंगावरून रक्त जाणं. पाणी जाणं. ठराविक वेळानं पोट कडक होऊन दुखणं, ज्याचा तुझ्या हालचालीशी काही संबंध नाही. तुझी सध्याची कळ हललीस की येते आणि स्थिर राहिलीस की थांबते. जी कळ तू निवांत पडलेली असतानाही लाटेसारखी येते आणि जाते, ती वेगळी, आणि ३७ आठवड्यांच्या आत तिची घाईनं दखल घ्यावी लागते. लघवीला जळजळ किंवा ताप. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधूक दिसणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, ही बीपी वाढल्याची लक्षणं असू शकतात. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप. आणि बाळाची हालचाल. आतापर्यंत तुला ती जाणवत असेलच, नसेल तर आजच सांग. पुढे तिचा एक क्रम ठरेल. तो मंदावला असं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, 'उगाच त्रास देतेय' असा विचार करायचा नाही. खोटी शंका घेऊन आलेल्या बाईला परत पाठवताना आम्हाला आनंदच होतो.

एक शेवटचं काम, ते ३४ व्या आठवड्याच्या सुमारास कर. बरं वाटत असलेल्या दिवशी पलंगावर पाठीमागे उशा रचून अर्धवट टेकून बस, गुडघे वाकव आणि हळूहळू एकमेकांपासून लांब ने. जिथं दुखायला सुरुवात होते त्याच्या आधी थांब आणि घरच्या कुणाला तरी दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपनं मोजायला सांग. तो आकडा तुझ्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. बाळंतपणाच्या वेळी तू कळांत असशील, पाठीत भूल दिली असेल तर दुखणं कळणारही नाही, आणि अशा वेळी पाय तुझ्या सांध्याला सोसेल त्याहून जास्त फाकवले जाऊ शकतात. कक्षात पाऊल टाकताच तिथल्या सिस्टरला तो आकडा दाखव आणि कुशीवर किंवा ओणवं राहून बाळंत व्हायची इच्छा असेल तर तेही सांग. तू बोलण्याच्या स्थितीत नसलीस तर हे सांगायचं काम नवऱ्याला किंवा सासूबाईंना आधीच देऊन ठेव.